रोग लिव्हरला, औषध आतड्याला

रोग म्हशीला आणि औषध पखालीला ही म्हण मला सगळ्यात फिट बसलेली दिसली ती माझ्याच प्रिस्क्रिप्शनवर. फॅटी लिव्हर हा बहुतेकांना असाच सापडतो, म्हणजे शोधायला जायचं एक आणि निघायचं दुसरंच. मी पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली, खडे नव्हते, चरबी होती, रिपोर्टच्या शेवटी एक ओळ, ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे सगळ्यात सौम्य पायरीचं. डॉक्टरांनी वजन, साखर, चालणं हे सगळं सांगितलं, जे आपण मान डोलावत ऐकतो आणि जिना उतरेपर्यंत अर्धं विसरतो, आणि शेवटी एक प्रोबायोटिक कॅप्सूल लिहून दिली. मी म्हटलं, डॉक्टर, चरबी लिव्हरमध्ये आणि गोळी आतड्यातल्या बॅक्टेरियांची, हे कसं काय? ते म्हणाले, "घ्या हो, नुकसान तर काही नाही."

आता हे वाक्य मला कधीच पचत नाही. नुकसान नाही म्हणजे फायदा आहे असं थोडंच आहे? मग मी वाचायला बसले, आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी त्या कॅप्सूलच्या बाजूने झाले होते, कारण यामागची थिअरी फारच सुंदर आहे.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. एक नेहमीची धमनी, जी सगळ्या अवयवांना असते तशी, आणि दुसरी पोर्टल व्हेन, जी थेट आतड्याकडून येते. यातलं साधारण तीन चतुर्थांश रक्त या दुसऱ्या वाटेने येतं. म्हणजे आतड्याने जे जे आत ओढून घेतलं त्याचा पहिला मुक्काम लिव्हर, मग बाकीचं शरीर. (गंमत अशी की जेवणातली चरबी मात्र बहुतेक या वाटेने जातच नाही, ती लिम्फमधून वळसा घेऊन रक्तात उतरते. त्यामुळे 'तेलकट खाल्लं आणि ते लिव्हरमध्ये जाऊन साचलं' असं जे चित्र आपल्या डोळ्यासमोर असतं ते तितकंसं बरोबर नाही.)

या वाटेने साखर येते, अमिनो आम्लं येतात, औषधं येतात आणि बॅक्टेरियांनी तयार केलेलं बरंच काही येतं. आतड्याच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, त्यावर म्युकसचा लेप, आणि दोन पेशींच्या मधल्या फटी प्रोटीनच्या कुलपांनी बंद केलेल्या. पलीकडे अब्जावधी बॅक्टेरिया, अलीकडे रक्त, आणि मध्ये एवढीशी भिंत. या भिंतीची कुलपं सैल झाली की बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे, ज्यांना एलपीएस किंवा एंडोटॉक्सिन म्हणतात, ते रक्तात झिरपतात आणि पोर्टल व्हेनमधून सरळ लिव्हरला पोचतात. तिथे कुप्फर पेशी, म्हणजे लिव्हरमधल्या रोगप्रतिकारक पेशी, पहाऱ्याला बसलेल्याच असतात. त्यांचं कामच ते, एलपीएस दिसलं की बोंब ठोकायची. कधीतरी ठोकली तर ठीक, पण रोज थोडं थोडं एलपीएस येत राहिलं तर लिव्हरमध्ये कायमची बारीक सूज राहते, आणि आधीच चरबी साठलेल्या लिव्हरला ही सूज चांगलीच महागात पडते.

हे नुसतं कागदावरचं नाहीये बरं का. २००७ साली उंदरांवर एक प्रयोग झाला, त्यांना नेहमीचंच खाणं दिलं पण त्वचेखाली एक छोटा पंप बसवून चार आठवडे एलपीएसचा बारीक डोस चालू ठेवला. खाणं तेच, तरी उंदीर जाड झाले आणि लिव्हरमधली चरबी वाढली. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, अजिबात बॅक्टेरिया नसलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले बॅक्टेरिया दिले तर दोन आठवड्यांत अंगातली चरबी साधारण ६० टक्क्यांनी वाढली, आणि ते खात होते आधीपेक्षा कमी! मग २०१३ मध्ये फ्रान्समधल्या एका टीमने बघितलं की एकाच जातीच्या, एकच चरबीयुक्त आहार घेणाऱ्या उंदरांत काहींचं मेटाबॉलिझम बिघडतं आणि काही मजेत राहतात, आणि या दोघांचे बॅक्टेरिया वेगवेगळ्या नव्या उंदरांना दिले तर बिघडलेल्याचे बॅक्टेरिया मिळालेल्यांना फॅटी लिव्हर जास्त होतं. म्हणजे आजारच जणू बॅक्टेरियांबरोबर पाठवता आला.

पण मला सगळ्यात खिळवून ठेवलं ते चीनमधल्या एका पेशंटच्या गोष्टीने. या माणसाला गंभीर फॅटी लिव्हर होतं आणि वर ऑटो-ब्रुअरी सिंड्रोम, म्हणजे दारूचा थेंब न घेता, नुसतं पिष्टमय आणि गोड खाल्लं तरी रक्तात अल्कोहोल चढायचं. शोधता शोधता सापडलं की त्याच्या आतड्यात क्लेबसिएला न्यूमोनिई नावाच्या बॅक्टेरियाचा एक प्रकार ठाण मांडून बसला होता जो साखरेपासून ढीगभर अल्कोहोल तयार करत होता. आतल्या आत भट्टी! मग त्यांनी इतर फॅटी लिव्हरवाल्यांना तपासलं तर त्या गटातल्या ६० टक्के लोकांत असे अल्कोहोल बनवणारे क्लेबसिएला निघाले, आणि ते उंदरांना दिल्यावर उंदरांचंही लिव्हर फॅटी झालं. हा पेपर २०१९ चा. आयुष्यात ग्लासाला हात न लावलेल्या माणसाचं लिव्हर सूक्ष्मदर्शकाखाली दारुड्यासारखं का दिसतं, हा डॉक्टरांना १९८० पासून छळणारा प्रश्न, त्याच साली मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी अशा पेशंट्सचं वर्णन करून आजाराला नाव दिलं होतं. त्या प्रश्नाचं निदान काही लोकांपुरतं तरी उत्तर असं निघालं. (नावही आता बदललंय, २०२३ पासून 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द काढून मेटाबॉलिक बिघाडाशी जोडलेलं एमएएसएलडी असं लांबलचक नाव दिलंय, डॉक्टर सोडून कोणाच्याच तोंडात बसलेलं नाही.)

तर एवढं सगळं वाचल्यावर कोणालाही वाटेल की झालं, वाईट बॅक्टेरियांमुळे आजार होतो, चांगले बॅक्टेरिया गिळा, विषय संपला. मलाही वाटायला लागलं होतं. पण 'आतड्याचा लिव्हरशी संबंध आहे' आणि 'ही कॅप्सूल लिव्हर बरं करते' या दोन वाक्यांच्या मध्ये केवढं अंतर आहे ते एक साधा हिशेब केला की कळतं.

माणसाच्या शरीरात बॅक्टेरिया किती, याचा २०१६ चा अंदाज आहे साधारण ३८ लाख कोटी, त्यातले जवळपास सगळे मोठ्या आतड्यात. नेहमीच्या प्रोबायोटिक कॅप्सूलमध्ये असतात समजा १००० कोटी. पाकिटावर तो आकडा काय छाती फुगवून छापलेला असतो! पण भागाकार करा, आत आधीच असलेल्या ३८०० मागे आपण एक नवीन पाठवतोय, आणि त्यातलेही बरेच पोटातल्या ॲसिडमध्येच गारद होतात. उरलेले जे आत पोचतात त्यांची अवस्था खचाखच भरलेल्या बसमध्ये शेवटच्या स्टॉपला चढणाऱ्यासारखी, जागा सगळ्या धरलेल्या, दांडीला लोंबकळायचं आणि पुढच्या स्टॉपला उतरायचं. कॅप्सूल बंद केली की बहुतेकांच्या आतड्यातून हे बॅक्टेरिया थोड्याच दिवसांत गायब होतात.

इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये २०१८ साली यावर फार चांगलं काम झालं. बाकीचे लोक शौचाचे नमुने तपासून 'बघा, बॅक्टेरिया दिसले' म्हणतात, यांनी लोकांच्या आतड्यात एंडोस्कोपी करून अस्तरावरचे नमुने घेतले, प्रोबायोटिकच्या आधी आणि नंतर. तर निघालं असं की काही माणसांच्या अस्तरावर हे नवीन बॅक्टेरिया जरा टिकतात आणि काहींचं आतडं त्यांना दारातूनच परत पाठवतं, पण शौचात मात्र दोघांच्याही दिसतात. म्हणजे शौचात सापडले याचा अर्थ फक्त एवढाच की एका बाजूने गेले आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडले. याच टीमने हेही दाखवलं की अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांमध्ये त्यांचे स्वतःचे मूळ बॅक्टेरिया परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. हे वाचून मी जरा गारच पडले.

बरं, थिअरी राहू दे बाजूला, माणसांना देऊन बघितलं तर काय झालं?

२००७ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) या विषयाचा आढावा घ्यायचा ठरवलं तेव्हा त्यांना नीट केलेला एकही रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेली चाचणी, सापडला नव्हता. त्यानंतर मात्र रांग लागली. हाँगकाँगमध्ये २० पेशंट घेऊन सहा महिने केलेला एक छोटा अभ्यास आहे, ज्यात प्रोबायोटिक घेणाऱ्या दहा जणांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी २२.६ टक्क्यांवरून १४.९ वर आली आणि बाकीच्या दहांची होती तशीच राहिली. ऐकायला भारी, पण त्यात कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, डमी गोळी नव्हती. रोममध्ये लठ्ठ मुलांवर केलेल्या २०१४ च्या अभ्यासात डमी होती, ४४ मुलं, आठ प्रकारच्या बॅक्टेरियांचं मिश्रण, चार महिने, आणि फॅटी लिव्हरची पायरी सोनोग्राफीवर बरीच खाली आली. असे बरेच छोटे छोटे अभ्यास आहेत आणि ते एकत्र करून काढलेल्या आढाव्यांत साधारण एकच सूर असतो, की एसजीपीटी, एसजीओटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) थोडे कमी होतात.

आणि मग येतो इंग्लंडमधल्या साउदम्पटनचा अभ्यास, २०२० चा, ज्याने माझं मत फिरवलं. १०४ पेशंट, जवळजवळ वर्षभर औषध. एका गटाला बिफिडोबॅक्टेरियमचा बीबी-१२ हा नीट अभ्यासलेला स्ट्रेन (एकाच जातीतला विशिष्ट वाण), आणि त्या बॅक्टेरियांचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे फायबर. दुसऱ्या गटाला डमी. चरबी मोजली ती सोनोग्राफीने नव्हे, एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआयच्या मशीनमध्ये चरबीचं प्रमाण मोजून, जिथे बघणाऱ्याच्या नजरेचा प्रश्नच येत नाही. एवढं नीट केल्यावर निघालं काय? बॅक्टेरिया बदलले. खरंच बदलले, बिफिडोबॅक्टेरियम वाढले, फीकॅलिबॅक्टेरियम वाढले, म्हणजे ज्यांना आपण चांगले म्हणतो ते वाढले. आणि लिव्हरमधली चरबी? औषधवाल्यांची सरासरी ३२.३ वरून २८.५ टक्के झाली. डमीवाल्यांची ३१.३ वरून २५.२.

परत वाचा. डमीवाल्यांची आकड्यात जास्तच कमी झाली. अर्थात तो फरक काही सिद्ध करण्याइतका नाही, त्यातून डमी चांगली असं कोणी म्हणत नाहीये, पण औषधाच्या बाजूने काहीच निघालं नाही एवढं नक्की. आणि बॅक्टेरियांत जो बदल झाला त्याचा चरबीशी किंवा फायब्रोसिसशी (लिव्हरमध्ये व्रणासारखे कडक धागे तयार होणं) काही धागा जुळला नाही.

डमीवाल्यांची चरबी का कमी झाली हे कळायला फार डोकं लागत नाही. माणूस अभ्यासात नाव नोंदवतो, दर थोड्या दिवसांनी कोणीतरी वजन करतं, काय खाता विचारतं, एमआरच्या मशीनमध्ये झोपवतं, की आपोआप दोन घास कमी जातात. या आजाराच्या औषधांच्या ट्रायल्स एकत्र करून बघितलं तर नुसती डमी घेणाऱ्यांतही साधारण चौथा हिस्सा लोकांचा बायोप्सीचा स्कोअर सुधारलेला दिसतो. बायोप्सीचा! मग एसजीपीटीचं काय घेऊन बसलात, तो तर असाही वरखाली होत असतो, आणि आपण रिपोर्ट काढतो, घाबरतो तेव्हा तो बहुधा वरच्या टोकाला असतो, पुढच्या वेळी तो खाली येणारच. मध्ये तुम्ही जे काही घेतलं असेल, कॅप्सूल, काढा, अंगठी, त्याला श्रेय. ओळखीतलं कोणी 'प्रोबायोटिक घेतलं आणि माझं एसजीपीटी ७० वरून ४५ आलं' म्हणालं की मला आता विचारावंसं वाटतं, वजन किती उतरलं हो मध्ये?

कारण वजनाचा मुद्दा कितीही कंटाळवाणा असला तरी तो हलत नाही. २००५ च्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या पेशंट्सना खुणा केलेले अणू देऊन, नंतर बायोप्सी करून, लिव्हरमधली चरबी नेमकी कुठून आली ते मोजलं. ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून सुटून रक्तात आलेली, २६ टक्के लिव्हरने साखरेपासून स्वतः बनवलेली, आणि १५ टक्के जेवणातल्या चरबीतून. मला वाटतं हे तीन आकडे रिपोर्टच्या पाठीवर छापायला पाहिजेत. पोटाभोवतीचा घेर इन्सुलिनला जुमानत नाही, रात्रंदिवस चरबी सोडत राहतो, आणि ती लिव्हरमध्ये येऊन पडते. आतड्याची भिंत दुरुस्त करून सूज कमी होईलही, पण हा ५९ टक्क्यांचा लोंढा कॅप्सूलमधला कोणता लॅक्टोबॅसिलस बॅक्टेरिया अडवणार आहे?

उलट वजन उतरवलं तर काय होतं याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा क्युबातून आला, २०१५ साली, २९३ पेशंट, वर्षभर, आधी आणि नंतर बायोप्सी. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचं फायब्रोसिससुद्धा मागे फिरलं. आता तेवढं वजन उतरवणारे थोडेच होते हेही खरं, आणि म्हणूनच तर गोळीची आशा सुटत नाही ना. तशी खरीखुरी औषधंही आली आहेत आता, रेसमेटिरॉमला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली, सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये, पण ती सूज आणि मध्यम ते पुढच्या पायरीचं फायब्रोसिस असलेल्यांसाठी, माझ्यासारख्या ग्रेड वनवाल्यांसाठी नाही.

आता 'नुकसान तर काही नाही' बद्दल. धडधाकट माणसाला प्रोबायोटिकने सहसा काही होत नाही, थोडा गॅस, थोडं पोट फुगणं, बस. पण हे वाक्य सरसकट खरं नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या पेशंट्सना प्रोबायोटिक देऊन बघितलं होतं, कल्पना चांगलीच होती, आतड्यातून होणारं इन्फेक्शन टाळायचं. २००८ मध्ये रिझल्ट आला, इन्फेक्शन कमी झालं नाहीच, आणि मृत्यू प्रोबायोटिक गटात १६ टक्के, डमी गटात ६ टक्के. तो आजार वेगळा, ते पेशंट फार सीरियस, त्याचा ग्रेड वन फॅटी लिव्हरशी संबंध लावणं चुकीचं होईल. पण जिवंत बॅक्टेरिया म्हणजे काही साखरेच्या गोळ्या नव्हेत, एवढं तरी लिहून देणाऱ्याच्या डोक्यात असायला हवं. माझ्या दृष्टीने जास्त मोठं नुकसान वेगळंच आहे, कॅप्सूल सुरू केली की माणसाला वाटतं उपचार चालू आहे, आणि चालायला जाणं उद्यावर पडतं.

आणि 'प्रोबायोटिक' म्हणजे नेमकं काय, याबद्दलही सगळा आनंदीआनंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्येच व्याख्या केली होती, जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात दिले असता फायदा करणारे. यात फायदा सिद्ध झालेला असणं अपेक्षित आहे, आणि तो त्या विशिष्ट स्ट्रेनचा. एका स्ट्रेनने जुलाब थांबले म्हणून त्याच्या चुलतभावाने लिव्हर सुधारेल असं नसतं. माझ्या पाकिटावर तीन जातींची नावं आहेत, स्ट्रेनचा पत्ता नाही. म्हणजे नाव-आडनाव आहे पण त्या नावाची गावात दोनशे माणसं, नेमका कोण घरात शिरलाय ते माहीत नाही.

यात एक मजा अशी की अलीकडचा सगळ्यात आशादायक बॅक्टेरिया मेलेला आहे. अक्कर्मान्सिया म्युसिनिफिला, आतड्याच्या म्युकसवर जगणारा, लठ्ठपणात आणि डायबेटिसमध्ये बऱ्याचदा कमी झालेला आढळतो. बेल्जियममध्ये जाड आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या स्वयंसेवकांना तो तीन महिने दिला, काहींना जिवंत, काहींना पाश्चराइज करून म्हणजे गरम करून मारलेला, आणि २०१९ मध्ये आलेल्या निकालात मेलेल्याचा परिणाम जिवंतापेक्षा सरस, इन्सुलिनचं काम सुधारलं, लिव्हरच्या काही एन्झाइम्सवरही चांगला परिणाम दिसला. अभ्यास लहान, शेवटपर्यंत टिकलेले ३२ जण. पण मग बॅक्टेरियाने आत जाऊन वस्ती करायलाच हवी हा आग्रहच सुटतो की, त्याच्या आवरणावरचं एखादं प्रोटीन पुरे असेल.

माझं आत्तापुरतं मत विचाराल तर, फॅटी लिव्हरवरचा उपचार म्हणून आजची प्रोबायोटिक कॅप्सूल मी धरत नाही. आतड्याचा आणि लिव्हरचा संबंध मात्र मला शंभर टक्के पटलाय, लिव्हरचे डॉक्टर तर कित्येक वर्षं लिव्हर निकामी झाल्यावर मेंदूवर येणारी गुंगी लॅक्टुलोज देऊन, म्हणजे आतड्यावर उपचार करून उतरवतात, तेव्हा पखालीला औषध देणं अगदीच वेडेपणा नाही. फक्त सध्या आपण सगळ्या पखालींना एकच औषध देतोय. ज्याच्या आत अल्कोहोलची भट्टी आहे, ज्याच्या भिंतीची कुलपं सैल आहेत, आणि ज्याचं आतडं ठीक आहे पण पोटाचा घेर सुटलाय, तिघांनाही तीच कॅप्सूल, आणि मग सरासरी काढून म्हणायचं फरक पडला नाही. कोणीतरी आधी क्लेबसिएलावाले पेशंट वेगळे काढावेत, फक्त त्यांच्या भट्टीवर नेम धरणारं काहीतरी द्यावं, आणि एमआरवर वर्षभर चरबी मोजावी. तो रिझल्ट आला की मी सगळी कामं सोडून वाचायला बसेन, आणि त्यातही आधी बघेन ते डमीवाल्यांचं काय झालं.